‘सरकारचा एक पैसा न घेता’ वसलेली गावं?

अमेरिकेतल्या गव्हा-मक्याच्या शेतांचे देखणे फोटो आणि खाली मजकूर: ‘मिडवेस्टची ही गावं गोऱ्या शेतकऱ्यांनी सरकारचा एक पैसा न घेता उभी केली. घाम गाळणाऱ्यांची गावं टिकली, आळशांची ओस पडली. आपल्या शेतकऱ्याने शिकावं.’ सध्या हा संदेश जोरात फिरतोय. मिडवेस्ट म्हणजे अमेरिकेचा मधला पट्टा; त्यातल्या कॅन्सस राज्यातलं निकोडेमस हे एकच गाव बघू.

आधी ‘गोऱ्या शेतकऱ्यांनी’. निकोडेमस १८७७ मध्ये वसवलं ते केंटकीहून आलेल्या कृष्णवर्णीयांनी. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. गाव वसवायला काढलेल्या कंपनीत डब्ल्यू. आर. हिल हा एकच गोरा. त्या सप्टेंबरात सुमारे तीनशे माणसं एलिस स्टेशनवर उतरून माळरान तुडवत आली, आणि पाहतात तर गावच नाही! पुढच्या वर्षी विलियाना हिकमन पोचल्या तेव्हा त्यांना जमिनीतून वर येणारा धूर तेवढा दिसला. लोक जमीन खणून त्यात राहत होते. त्या रडल्या, हे त्यांनीच नंतर सांगून ठेवलंय. बरेच जण परत फिरले. उरलेल्यांकडे बैल-घोडे नसल्यात जमा, म्हणून कुदळ-फावड्याने पेरणी. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी मांस दिलं म्हणून तगलो, असं गावकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

‘एक पैसा न घेता’ हे तर सरळ खोटं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत, किरकोळ शुल्क भरून. ही जमीन सरकारने मूळ रहिवाशांकडून घेतलेली. त्याच वर्षी रेल्वे कंपन्यांना आणि राज्यांच्या कृषी महाविद्यालयांसाठीही सरकारी जमिनी देण्याचे कायदे झाले. १९३३ पासून पेरा कमी करायचे पैसे मिळू लागले आणि १९३६ च्या कायद्याने शेतावर वीज नेण्यासाठी सरकारी कर्ज. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते लपवून आपल्या शेतकऱ्याला टोमणे मारू नयेत.

आता ‘आळशांची गावं’. दहा वर्षांत निकोडेमसमध्ये चर्च, शाळा, हॉटेलं, बँक, दोन वर्तमानपत्रं झाली. इथलेच एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. रेल्वे यावी म्हणून गावकऱ्यांनी १८८७ मध्ये १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. मिसुरी पॅसिफिक ही रेल्वे कंपनी आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीने रूळ टाकले ते काही मैल दक्षिणेला, नदीपलीकडे. दुकानदार उठून तिकडे, बोग गावात गेले. मंदी आणि धुळीच्या वादळांनी पुढे उरलीसुरली कसर काढली, आणि १९५३ मध्ये पोस्टही बंद झालं.

रूळ कुठून न्यायचे हे कंपनीने ठरवलं. यात गावाचा आळस कुठला, तेवढं संदेश लिहिणाऱ्याने सांगावं.