अपग्रेड केलं की ग्राफिक्सची बोंब
दर वेळी तेच राव! लिनक्स अपग्रेड मारा, रिबूट करा, की विंडो ओढली तरी मागून रांगत येते, व्हिडिओ लावला की पंखा बोंबलतो. ग्राफिक्सची माहिती देणारी जीएलएक्सइन्फो कमांड बघावी तर रेंडररच्या, म्हणजे चित्र रंगवणाऱ्याच्या, जागी एलएलव्हीएमपाइप, म्हणजे ग्राफिक्स कार्ड निवांत बसलंय आणि सगळं चित्र बिचारा सीपीयू रंगवतोय. का, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवा आला पण त्याचे हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइल्स) नाहीत म्हणून कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरचं मॉड्यूल बिल्डच झालं नाही, आणि ते केलं तर मशीन सुरू होताना डिजिटल सह्या तपासणारं सिक्युअर बूट म्हणतं सही नाही, आत घेणार नाही. अरे मग अपग्रेड करतानाच ओरडून सांगा की! शेवटी ग्रबमधून, म्हणजे सुरू होतानाच्या मेन्यूतून, जुना कर्नल निवडून काम उरकायचं, वर कोणीतरी शहाणा विचारणारच, डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती, उबुंटू वगैरे) बदलून बघितलीस का?