माडांच्या फटीतला अरबी समुद्र

आमच्या खोलीतून समुद्र दिसत होता. हे मी आधीच कबूल करून टाकतो, कारण हॉटेलच्या मॅनेजरने ते माझ्याकडून तीनदा कबूल करून घेतलंय. न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल गॅलरीत आणायचं, त्यावर उभं राहायचं, डाव्या हाताने भिंत धरून मान उजवीकडे काढायची आणि नेमकी त्याच वेळी वाऱ्याने झावळी हलली, की दोन माडांच्या मधे फूटपट्टीएवढी निळी रेघ दिसायची. या रेघेला 'पार्शल सी व्ह्यू' म्हणतात. साध्या खोलीपेक्षा रोजचे आठशे रुपये जास्त.

मागच्या आठवड्यात गणपतीपुळ्याला गेलो होतो. मी, बायको आणि आई. बुकिंग करताना मोबाइलवर 'सी व्ह्यू' एवढंच ठळक दिसलं होतं, 'पार्शल' मुंगीएवढ्या अक्षरात होतं. काउंटरवर विचारलं, तर मॅनेजर शिकवणीच्या मास्तरासारखा सुरू झाला.

"साहेब, सी फेसिंग वेगळं, सी व्ह्यू वेगळं, पार्शल वेगळं. फेसिंग म्हणजे खोलीचं तोंडच समुद्राकडे. व्ह्यू म्हणजे खोलीतून कुठूनतरी दिसतो. आणि पार्शल म्हणजे..."

"म्हणजे?"

"म्हणजे, समुद्र आहे."

मी गप्प. त्याला वाटलं गिऱ्हाईक विरघळलं. "मग सूट घेता का?"

"द्या की! किती टक्के?"

"टक्के नाही हो, सूट. दोन खोल्यांचा. साडेसात हजार."

मराठी माणसाला 'सूट' म्हणून उलट जास्त पैसे मागणं हा खरं तर गुन्हा ठरवायला हवा. वर तो अभिमानाने म्हणाला, की भाव मुद्दाम साडेसातवरच ठेवलाय. त्याच्या वर एक रुपया गेला की जीएसटी ५ टक्क्यांवरून थेट १८ वर जातो. म्हणजे खोलीचा भाव ठरवताना सरकारचा विचार केला, माझा नाही.

आमच्या लहानपणी हॉटेल म्हणजे मिसळ. तिथे राहायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. राहायला आत्या, मावशी, नाहीतर देवस्थानचा भक्तनिवास. तिथे खोल्यांचे दोनच प्रकार, संडास आत आणि संडास बाहेर. बाबा एवढंच विचारायचे आणि कुलूप-किल्ली ताब्यात घ्यायचे. आता सगळ्यात साधी खोली 'डीलक्स'. तिच्यावर 'सुपर डीलक्स', म्हणजे तीच खोली, पण किटली असलेली. तिच्यावर 'एक्झिक्युटिव्ह', तिथे किटलीशेजारी टेबल. 'साधी खोली' असं कुठेच लिहिलेलं नसतं. साधं कोणी विकत नाही, फक्त देतात.

जेवणाचं तर विचारूच नका. युरोपियन प्लॅन म्हणजे नुसती खोली, पोटाला काही नाही. कॉन्टिनेंटलमध्ये नाश्ता. अमेरिकन प्लॅनमध्ये तिन्ही वेळचं. आमचा होता मॉडिफाइड अमेरिकन, म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. त्यामुळे आईने दोन दिवस पोहे आणि सोलकढी अमेरिकेच्या नावावर घेतली. दुसऱ्या वाटीला वाढपी म्हणाला, "आजी, सोलकढी एकदाच." यालाच मॉडिफाइड म्हणत असावेत.

तर मी स्टुलावर. शेजारच्या गॅलरीतून आवाज आला, "आत्ता नाही दिसायचा. पावणेपाचला या."

कमरेएवढ्या भिंतीपलीकडे एक काका. बनियन, बर्म्युडा, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, मांडीवर वही.

"काय नाही दिसायचा?"

"समुद्र. दुपारी वारा पडतो. झावळ्या हलत नाहीत. तिसरा दिवस आहे माझा, सगळं टिपून ठेवलंय." त्यांनी वही दाखवली. खरंच रकाने आखलेले होते. वेळ, वारा, किती सेकंद दिसला, शेरा. काका आयुष्यभर कुठल्याशा कचेरीत आवक-जावक सांभाळत होते म्हणे. "काल अकरा वेळा दिसला. त्यात एकदा होडीसकट."

"काका, समुद्र दोनशे पावलांवर आहे. चालत जाऊन बघा ना."

काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तिथला फुकट आहे हो. इथल्याचे पैसे भरलेत. ते आधी वसूल नकोत व्हायला?"

या तर्काला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो हॉटेलात कोणी कोणाला विचारू नये. "तुम्हाला केवढ्याला पडली?"

"छत्तीसशे."

"मला बत्तीसशे." काका खूश झाले, मग एकदम गंभीर. भिंतीवरून वाकून त्यांनी माझ्या बाजूचे माड मोजले. "बरोबर आहे. तुमच्याकडे एक माड कमी आहे."

पावणेपाचला त्यांनी खरोखर हाक मारली, "अहो छत्तीसशे, या लवकर!" मी धावलो. नळ सोडून धावलो. दिसला. चार सेकंद. काकांनी तसं नोंदवलं.

संध्याकाळी देवळात गेलो. तिथला गणपती पश्चिमाभिमुख, समोर थेट अरबी समुद्र, मधे एक माड नाही. हात जोडताना माझ्या मनात भक्तीऐवजी 'सी फेसिंग, तळमजला' हे शब्द आले, याचं पाप त्या मॅनेजरच्या माथी. इथे टेकडीच गणपतीचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला, किलोमीटरभराची. आईने गुडघ्यांपायी ती सोडली आणि खालूनच नमस्कार केला.

गुडघ्यांचं मुद्दाम सांगतोय. आईसाठी आम्ही 'एक्स्ट्रा बेड' घेतला होता, नऊशे रुपये, वर जीएसटी. रात्री पोऱ्या आला, जमिनीवर एक गादी टाकली आणि निघाला.

"पलंग कुठाय?"

"हाच बेड, साहेब. एक्स्ट्रा."

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई जमिनीवरून उठणार कशी, हे मी मॅनेजरला फोनवर विचारलं. तो म्हणाला, साइटवर बेड लिहिलंय, खाट कुठे लिहिलीय? तेव्हा मला हसू आलं नाही, आणि आताही हे लिहिताना येत नाहीये. आई पलंगावर झोपली, मी खाली. डबल बेड म्हणजे दोन सिंगल एकमेकांना चिकटवलेले, मधे फट. रात्रभर आईचा पाय त्या फटीत जात होता. "अहो, निदान उशी तरी भरा तिथे," बायको म्हणाली. उशा मोजून तीन होत्या. चौथी एक्स्ट्रा.

सकाळी दहाला खोली सोडायची होती. साडेनऊलाच दार वाजलं. पाहतो तर काका, हातात बॅग, काखेत वही.

"तुमची खोली घेतली मी, अजून दोन दिवस. चारशे जास्त भरले." मग आत डोकावून हळूच विचारलं, "स्टूल आहे ना जागेवर?"

स्टूल गॅलरीतच होतं. मी ते उचललं आणि परत न्हाणीघरात नेऊन ठेवलं. शोधू देत.