मनोरा एकदा नव्हे, दोनदा गेला

लेख आवडला. पण कोलकात्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा मनोरा '१९३४ च्या भूकंपात पडला' एवढं एका ओळीत उरकलंय, तिथं मी अडलो. आम्ही औसा तालुक्यातले; भूकंप हा शब्द दिसला की आधी किल्लारी डोळ्यापुढं येते.

तो मनोरा त्याआधी १८९७ च्या आसामच्या भूकंपातही गेला होता. वास्तुकार फोर्ब्स यांच्या मूळ आराखड्यात (बांधकाम १८३९–४७) सुमारे २०० फूट उंचीचं निमुळतं टोक होतं. पडल्यावर परत टोकच उभारलं, ते १९३४ ला पुन्हा खाली. मग कुठं शहाणपण सुचलं आणि इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथीड्रलच्या बेल हॅरी मनोऱ्याच्या धर्तीवर चौकोनी बांधला, चार कोपऱ्यांना छोटी शिखरं. आज दिसतो तो हाच.

आमच्या वाड्याच्या भिंती दगडमातीच्या, दोन हात रुंद, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. पावसाळ्याआधी आजोबा त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचे, गळू नये म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेच ओझं खाली आलं. असो, विषय चर्चचा आहे.

पश्चिमेच्या खिडकीचा फोटो मात्र हवाच होता. इंग्रज चित्रकार बर्न-जोन्सची रंगीत काच, १८८० ची, अंदमानात मारल्या गेलेल्या व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या स्मरणार्थ. मी गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मधल्या दालनात खांब नाहीत, त्यामुळं ती दारापासून अख्खी दिसते. बायको म्हणाली, पैठणीचा पदर उन्हात धरल्यागत वाटतंय.