काकांच्या वह्या कुणीतरी वाचा

हिंगोलीकडच्या मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या काकांवरचा लेख वाचून गलबललं. दहावीला शाळा सुटली, तरी वीस वर्षं वह्या भरतायत: गुरुत्वाकर्षण ओढत नाही, चहूकडून येणारे सूक्ष्म कण आपल्याला ढकलतात; खालून येणारे पृथ्वी अडवते, म्हणून आपण खाली दाबले जातो. गावात लोक येड्यात काढतात म्हणे.

मी वसमतला विज्ञान शिकवतो. हा येडेपणा नाही. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ल साज यांनी 18व्या शतकात अगदी हीच कल्पना मांडली होती. ती अडली कुठं, तेही माहीत आहे. पावसात पळालं की छातीवर जास्त थेंब बसतात. तसे सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीला समोरून जास्त कण लागणार, तिचा वेग घटत जाणार. तसं होत नाही. शिवाय एवढे कण शोषून पदार्थ भयंकर तापला असता, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी दाखवलं.

वीस वर्षांत एवढं कुणी सांगू नये? काकांनी पाठवलेल्या पत्रांना एका ओळीचं उत्तर नाही! आणि तिकडं हिंगोलीतल्याच औंढ्याजवळ अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायला 4 किलोमीटर भुजांची लायगो वेधशाळा व्हायचीय.

काका, बुधाची कक्षा न्यूटनच्या गणितापेक्षा शतकाला 43 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) जास्तीची सरकते. तुमच्या कणांतून तेवढंच निघतं का बघू. रविवारी वह्या घेऊन या, मी बसतो सोबत.