दुधाचे दात आणि सरकारी तिजोरी

अंगणवाडीतल्या मुलांच्या दातांवर सरकारने पैसा खर्च करावा का, असा विषय गावाकडच्या मंडळींशी बोलताना निघाला की बहुतेक वेळा दोन उत्तरे ऐकायला मिळतात. पहिले असे की दुधाचे दात आज ना उद्या पडणारच आहेत, त्यांच्यासाठी एवढा आटापिटा कशाला. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. जिथे मुलांचे वजनच भरत नाही, तिथे आधी पोट बघायचे की दात? स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत संसार थाटल्यानंतर आणि मुलीला इथल्या सरकारी बालवाडीत घातल्यानंतर ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटू लागली आहेत.

दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत तोंडात असतात. त्या चौथ्या वर्षी किडल्या तर मूल पुढची कित्येक वर्षे एका बाजूने चावते, रात्री कळ आली की रडत उठते आणि घट्ट पदार्थ टाळू लागते. ठणकणाऱ्या दाढेने ज्वारीची भाकरी चावली जात नाही, चहात बुडवलेले बिस्कीट मात्र खाता येते, आणि त्याच बिस्किटाने उरलेले दातही किडतात. त्यामुळे कुपोषण आणि दंतक्षय यांत अग्रक्रम लावत बसण्यात अर्थ नाही. अंगणवाडीत शिजणारा आहार मुलाच्या अंगी लागायचा असेल, तर त्याला तो चावता आला पाहिजे.

स्कॉटलंड हा काही दातांच्या आरोग्यासाठी नावाजलेला देश नव्हता. इथल्या जुन्या पिढीतल्या पुष्कळांनी ऐन उमेदीत सगळे दात काढून कवळी बसवून घेतली होती. २००३ साली पहिलीत आलेल्या मुलांपैकी ज्यांच्या दातांना उघड कीड लागलेली नाही अशी मुले अवघी ४५ टक्के होती. २०२० साली हेच प्रमाण ७३.५ टक्क्यांवर गेले होते. या बदलाचे बरेचसे श्रेय २००६ साली सुरू झालेल्या ‘चाइल्डस्माइल’ या सरकारी कार्यक्रमाला दिले जाते, आणि त्याचा कणा अगदी साधा आहे: बालवाडीत रोज, शिक्षिकेच्या देखरेखीखाली, सगळ्या मुलांनी दात घासायचे.

ते प्रत्यक्षात कसे चालते, हे मी मुलीच्या बालवाडीत पाहिले आहे. भिंतीलगत ब्रश उभे ठेवायची एक जाळीदार घडवंची असते. प्रत्येक ब्रशवर चित्र असते, कुणाचे कासव, कुणाची होडी, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपला ब्रश ओळखता येतो आणि एकाचा ब्रश दुसऱ्याच्या ब्रशला लागत नाही. पेस्टची नळी थेट ब्रशवर दाबत नाहीत. ताई कागदावर वाटाण्याएवढे थेंब वेगवेगळे काढून ठेवतात आणि प्रत्येक मूल आपला थेंब उचलते. बेसिनसुद्धा लागत नाही. मुले खुर्चीवर बसून दात घासतात आणि उरलेला फेस कागदी रुमालात थुंकतात. चूळ भरायची नाही, असा इथे नियमच आहे, कारण पेस्टमधल्या, कीड रोखणाऱ्या फ्लोराइडचा थोडा अंश दातांवर राहिला पाहिजे. खळखळून चूळ भरायची सवय लागलेल्या आपल्या घरांत हे पचायला जड जाते. सगळा प्रकार काही मिनिटांत उरकतो. शिवाय गरीब वस्त्यांतल्या बालवाड्यांत आणि शाळांत वर्षातून दोनदा दातांना फ्लोराइडचा लेप लावला जातो.

खर्चाचे म्हणाल, तर ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली मांडलेला हिशेब बोलका आहे. बालवाड्यांतल्या दात घासण्यावर वर्षाला सुमारे १८ लाख पौंड खर्च होत होते, आणि २००१ ते २०१० या काळात पाच वर्षांच्या मुलांच्या दंतोपचारांवरचा खर्च निम्म्याहून अधिक घटला होता. शेजारच्या इंग्लंडने देशपातळीवर असे काही पुष्कळ वर्षे केले नाही. तिथे पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचे सर्वांत मोठे कारण किडलेले दात हे ठरले आहे. पूर्ण भूल देऊन लहानग्यांचे दात काढावे लागतात. अखेर मार्च २०२५ मध्ये तिथल्या सरकारने गरीब भागांतल्या तीन ते पाच वर्षांच्या सहा लाखांपर्यंत मुलांसाठी याच धर्तीचा कार्यक्रम जाहीर केला आणि १ कोटी १० लाख पौंडांची तरतूद केली.

अर्थात इथे सगळे आलबेल आहे असे नाही. त्याच २०२० च्या पाहणीत सर्वांत गरीब वस्त्यांतली निरोगी दातांची मुले सुमारे ५८ टक्के होती, तर सुस्थितीतल्या वस्त्यांतली ८७ टक्के. सरकारी योजनेत नवे रुग्ण घेणारा दंतवैद्य मिळणेही अनेक ठिकाणी दुरापास्त झाले आहे. तरीही दरी उरली म्हणून मूळ कामातून सरकारने अंग काढून घ्यावे, असे मला इथे अजून कुणी म्हणताना आढळलेले नाही.

आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा जातात आणि तपासणीच्या यादीत किडलेले दातही आहेत. २०२३ साली राज्य सरकारने ‘स्वच्छ मुख अभियान’ जाहीर करून सचिन तेंडुलकरला त्याचा चेहरा केले. पण तपासणीने कीड सापडते, थांबत नाही. यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडी सेविका असलेली माझी मावसबहीण सांगते की पथकाने चिठ्ठी लिहून दिली तरी तालुक्याच्या रुग्णालयात जायचे म्हणजे आईची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि मूल रडायचे थांबले की चिठ्ठी फळीवर पडून राहते. ज्या घरात आजी सकाळी मशेरी लावते, तिथे मुलाला ब्रश हातात कोणी द्यायचा, हाही तिचाच प्रश्न आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की अभियाने आणि शिबिरे यांच्याआधी अंगणवाडीतल्या रोजच्या दात घासण्यासाठी दरवर्षीची, अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्षाची (खर्चाच्या वेगळ्या खात्याची) तरतूद व्हावी. तीत ब्रश आणि पेस्ट धराव्यातच, पण सेविका आणि मदतनीस यांच्या वाढीव कामाचा मोबदलाही धरावा. पोषण ट्रॅकर या ॲपवरच्या नोंदी, लसीकरण, आहार, सर्वेक्षणे हे सगळे मानधनावर रेटणाऱ्या या बायकांना डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संपावर जावे लागले होते. त्यांच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे काम टाकले, तर नोंदी भरल्या जातील आणि ब्रश कोरडेच राहतील. पेस्ट बनवणाऱ्या कंपनीने फुकट माल दिला तर तो जरूर घ्यावा (इंग्लंडनेही घेतला आहे), मात्र कार्यक्रम तिच्या मर्जीवर सोडू नये, कारण तिचे धोरण बदलले की तीन वर्षांच्या मुलाची सवय मोडते.

एका बाबतीत मात्र ग्लासगोची नक्कल करून चालणार नाही. इथल्या पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड फारसे नाही, तर यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या विहिरी-बोअरवेलच्या पाण्यात ते इतके आहे की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडांनाही त्रास होतो. अशा गावांत फ्लोराइडची पेस्ट वाटण्याआधी पाण्याची तपासणी झाली पाहिजे, आणि जिथे प्रमाण जास्त आहे तिथे आधी शुद्ध पाण्यावर पैसा गेला पाहिजे. भूजल यंत्रणा आणि महिला व बालविकास विभाग यांनी एकत्र बसून हे ठरवायचे आहे. गावनिहाय पाण्याचे अहवाल सरकारदरबारी आहेत, ते अंगणवाड्यांच्या यादीशी जुळवून पहिल्या वर्षी कोणत्या तालुक्यांत ब्रश आणि पेस्ट द्यायची हे निश्चित करता येईल.