'थांबवा' दाबलं, थांबलं कोण?

अरे, बटणावर 'थांबवा' लिहिलंय ना? मग थांबव की मेल्या! जमत नसेल तर त्यावर 'बघू' असं लिही, माणूस निदान भरवशावर तरी राहणार नाही.

आमच्या फोंड्याकडे गावात नाटक झालं की त्याचं शूटिंग बारीक करून ग्रुपवर टाकायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. त्यासाठी एक अ‍ॅप घेतलंय. वरून चकाचक, पोटात मात्र शेल कमांडच (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांडी चालवणारा प्रोग्राम): एक एफएफएमपेग, म्हणजे व्हिडिओ बदलायचा प्रोग्राम, फाइल उलगडतो आणि पाइपमधून, म्हणजे थेट जोडलेल्या नळीतून, दुसऱ्याला देतो, दुसरा ती दाबून लहान करतो. तासन्‌तास चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जून लागला की इथे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. परवा गेली. बॅटरी वाचवायला म्हणून 'थांबवा' दाबलं. पट्टी गायब, हिरवी बरोबरची खूण, 'काम रद्द केले'. आणि मॅकचा पंखा? घों घों चालूच. बॅटरी डोळ्यांदेखत खाली.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून पीएस मारलं; ते चालू प्रोसेसची यादी दाखवतं. दोन्ही एफएफएमपेग सुखात, दोघांच्या बापाच्या जागी 1, म्हणजे अनाथ प्रोसेस सांभाळणारी सिस्टमची पहिली प्रोसेस. म्हणजे अ‍ॅपने फक्त मधल्या शेलला मारलं आणि पोरं दिली वाऱ्यावर सोडून. म्हापसा-पणजी बसच्या कंडक्टरला खाली उतरवायचं आणि बस थांबली म्हणून जाहीर करायचं, ड्रायव्हर तिकडे पर्वरीचा चढ चढतोय!

बरं, यात काही नवीन आहे का? टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबलं की सिग्नल 2, म्हणजे 'थांब' हा इशारा, समोर चाललेल्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला, म्हणजे एकत्र बांधलेल्या सगळ्या प्रोसेसना, जातो, म्हणून तिथे सगळं एका फटक्यात बंद पडतं. अ‍ॅपच्या मागे टर्मिनल नसतं, तेव्हा ग्रुप आपण करायचा आणि सिग्नलही ग्रुपलाच द्यायचा. पायथन भाषेत असा वेगळा ग्रुप करणारं 'स्टार्ट न्यू सेशन' 3.2 पासून आहे, म्हणजे 2011 पासून. सोबत अख्ख्या ग्रुपला सिग्नल देणारं 'किलपीजी'. दोन-चार ओळींचं काम! पण या कंपनीवाल्यांची टेस्टिंग म्हणजे 'स्लीप 100', नुसती 100 सेकंद झोपून राहणारी कमांड. एकच साधी कमांड असली की शेल बहुतेक वेळा स्वतःच्या जागी तिलाच बसवतो, मग एकाला मारलं की काम होतं. हे खूश. पाइप आला की उघडे पडले.

आणि नवीन अपडेट तर काय वर्णावं. आता 'थांबवत आहे…' म्हणून चक्र फिरत राहतं. फिरणारच! शेल मेला तरी पोरांनी आउटपुटचं टोक धरून ठेवलंय, आणि अ‍ॅप ते टोक सुटायची वाट बघत बसलंय. म्हणजे आधी खोटं बोलत होतं, आता तोंडच बंद.

कुणीतरी शहाणा म्हणेल, सरळ किल -9 कर, म्हणजे सिग्नल 9 देऊन जागच्या जागी मार. कर आणि बघ. एमपी4 व्हिडिओत कुठला भाग कुठे आहे त्याची सूची साधारणपणे अगदी शेवटी लिहिली जाते. 9 मारलं की ती लिहायला सवडच मिळत नाही, आणि तोवर दाबलेला सगळा व्हिडिओ कुठल्याच प्लेअरला उघडत नाही. आधी सिग्नल 2 किंवा 15, म्हणजे 'आवरून थांब', द्यायचा, आवरायला थोडा वेळ द्यायचा, तरी ऐकलं नाही तर मग 9. प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारा डॉकरसुद्धा स्टॉप म्हटल्यावर 9 मारायच्या आधी सहसा 10 सेकंद थांबतो.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं, 'कृपया मशीन रीस्टार्ट करून पाहा.' वा रे वा! दोन प्रोसेस यांना आवरेनात, म्हणून मी उघडी ठेवलेली बाकीची कामं मारायची? त्यापेक्षा चालू प्रोसेसचे नंबर तेवढे स्क्रीनवर दाखवा. किल माझं मी करतो.