तुमची प्रतिक्रिया पोचली, भाऊ

भाऊ, नाल्याकाठच्या वस्तीवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. लांबलचक आहे, चिडून लिहिलेली आहे, पण शिवी एकही नाही. म्हणून उत्तरही ऐसपैस देते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की ज्या भंगार प्लॅस्टिकच्या कारखान्याच्या धुराविरुद्ध आणि नाल्यात सोडलेल्या पाण्याविरुद्ध आम्ही अर्ज करतोय, तिथंच वस्तीतल्या बायका रोजानं जातात, म्हणजे आम्ही त्यांच्याच पोटावर पाय देतोय. कारखाना आधीचा, वस्ती नंतरची. बाटलीत भरलेलं नाल्याचं पाणी हा काही पुरावा नव्हे. ‘पर्यावरण न्याय’ (घाणीचा भार गरिबांच्याच वाट्याला का, हा प्रश्न) हे अमेरिकेतून आलेलं फॅड. आणि शेवटी, ‘ताई, त्या बायकांना कशाची पोच आहे? त्यांच्या नावानं तुम्हीच बोलताय.’

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण पोच हा माझ्या धंद्यातला शब्द आहे.

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. उत्पन्नाचा दाखला, सातबाऱ्यावरची नोंद, रेशनकार्डातलं नाव, दिवसभर हेच. माणूस अर्ज घेऊन कचेरीत जातो आणि परत येतो तेव्हा मी एकच विचारते, पोच घेतली का? दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख. ती नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरून चालायचं. सरकारात तोंडानं सांगितलेलं कोणी ऐकत नाही असं नाही. ऐकतात, मान हलवतात, ‘बघतो’ म्हणतात. फक्त ते घडलं याची खूण कुठं उरत नाही.

त्या वस्तीतल्या बायका चार वर्षं सांगत होत्या. मुकादमाला सांगितलं, ग्रामपंचायतीत सांगितलं, एकदा साहेबाची जीप थांबवून सांगितलं. उन्हाळ्यात खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले की संध्याकाळपर्यंत त्यावर काळी बुकणी बसते, हे एका म्हातारीनं बिबडा हातात धरून दाखवलंसुद्धा होतं. मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाइप केला की या कारखान्याबद्दल गेल्या पाच वर्षांत किती तक्रारी आल्या? 30 दिवसांची मुदत असते, त्यात उत्तर आलं. एक शब्द होता, ‘निरंक’. म्हणजे एकही नाही.

तुम्ही म्हणता त्यांना पोच नाही. पोच होती हो, मिळत नव्हती.

तक्रार लिहून द्यायची म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची, तालुक्याला यायचं, मला वीस रुपये पान द्यायचे (हो, पहिल्या दोन अर्जांचे मी घेतले, खोटं कशाला सांगू), आणि साहेब जेवायला गेले असतील तर परत जायचं. शहरातल्या कॉलनीत डीजेचा आवाज वाढला तर दहा मिनिटांत फोन लागतात. धूर कुठं सोडायचा हे ठरवताना कोणी नकाशा काढून गरिबांकडे बोट दाखवत नाही. पण जिथून कागद येत नाही तिथं सोडलेला धूर पचतो, एवढं सगळ्यांना कळतं.

आता पोटावर पाय. इथं तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, आणि ते कबूल करायला त्रास होतो. मार्च महिन्यात एका ओळखीच्या पत्रकाराला मी फोटो पाठवला. डबे धुणाऱ्या बायका त्यात दिसत होत्या, चेहऱ्यासकट. बातमी छापून आली त्याच दिवशी तिघींना गेटवरून परत पाठवलं. तीन आठवडे त्या दुसऱ्यांच्या शेतात कांदे काढायला गेल्या, ते काम मिळालं म्हणून बरं. त्यांना न विचारता केलेली ती माझी शहाणपट्टी होती. त्यानंतर वस्तीत नियम झाला की ज्या घरातून कोणी कारखान्यात जातं त्या घराचं नाव अर्जावर यायचं नाही. सह्या-अंगठे करायचे ते म्हाताऱ्यांनी, आणि ज्यांची कामं दुसरीकडे आहेत त्यांनी. हा नियम मी केलेला नाही. मला तो सुचलाही नसता.

आणि कारखाना बंद करा असं आमच्या एकाही अर्जात नाही. पहिल्या कच्च्या अर्जात होतं, तेही माझ्यामुळे. बावीस वर्षं टाइप करून बोटांना सवय लागली आहे, ‘तरी सदर कारखाना त्वरित बंद करण्यात यावा, ही नम्र विनंती.’ खाटेवर बसून मी तो वाचून दाखवत होते. या ओळीला आले तशी बिबडेवाली म्हातारी म्हणाली, ‘बंद नको लिखू.’ मग काय लिहू? तर त्यांनी सांगितलं. डबे धुतलेलं पाणी टाकीत जावं, नाल्यात नाही. रात्रीची जाळपोळ थांबावी. धुणाऱ्या बायकांना हातमोजे आणि गमबूट द्यावेत. आणि फवारणीचे डबे घेणंच बंद करावं.

हे शेवटचं वाचकांना नीट सांगते. आपल्याकडे कापूस आहे, म्हणजे फवारणी आहे, म्हणजे हंगामानंतर रिकाम्या डब्यांचा ढीग आहे. 1971 च्या कीटकनाशक नियमांत लिहिलंय की असली रिकामी पॅकिंग फोडून वस्तीपासून लांब पुरायची. प्रत्यक्षात ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात, मग ग्राइंडरला लागतात, आणि त्याआधी धुतली जातात. ते धुणं नाल्यात. नाल्यापासून वस्तीचा हातपंप ओरडलं तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. ‘हाई पानी ढोरे बी पेतस नहीत,’ असं मला पहिल्यांदा सांगितलं गेलं तेव्हा मला वाटलं बोलण्याची पद्धत आहे. नंतर म्हशीला मान फिरवताना पाहिलं.

पुराव्याचं म्हणाल तर बाटलीबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. आम्ही पाणी भरलं ते थंड पेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत. कीटकनाशकाचा अंश तपासायचा तर गडद काचेची बाटली लागते, ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावी लागते. हे आम्हाला नंतर कळलं. एका मुलानं टीडीएस मीटर आणलं होतं. त्यात विरघळलेले क्षार कळतात, फवारणीचं औषध कळत नाही, आकडा 500 च्या आत आला म्हणजे पाणी चांगलं असं नाही. आणि कायद्यानंही तुमचीच बाजू. 1974 च्या पाणी कायद्याचं कलम 21 सांगतं की नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा, कारखानदाराला नोटीस देऊन, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून, सील लावून. तरच तो कोर्टात चालतो. आमची बाटली कोर्टासाठी नव्हतीच. ती होती अधिकाऱ्याला योग्य वेळी बोलावण्यासाठी. योग्य वेळ कोणती, हे बाटलीनं नाही, कॅलेंडरनं सांगितलं.

कॅलेंडरचं सांगायलाच हवं. वही घाला म्हटलं तर बऱ्याच जणींना लिहिता येत नाही. पण भिंतीवर कॅलेंडर प्रत्येक घरात आहे, आणि त्यावर दुधाच्या खुणा करायची सवय जुनी. मग त्याच चौकोनात काळ्या पाण्याला गोल, धुराला रेघ, डोळे चुरचुरले की फुली. रात्रीचं असेल तर चौकोनाच्या खालच्या बाजूला, दिवसाचं वरच्या. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, डोळ्यांतून पाणी येतं ते त्यानं. बायकांना नाव माहीत नव्हतं, पण साधा कचरा जळतोय की पाइपाचे तुकडे हे त्या झोपेतून उठून सांगायच्या. पहिल्या महिन्याची सहा पानं झेरॉक्सला आली तेव्हा मी मोजून काढलं, एकाच घरात तीस रेघा! म्हटलं बाप रे, रोज धूर. ती म्हणाली, ‘ताई, त्या दुधाच्या आहेत.’ तेव्हापासून दूध निळ्या पेनानं आणि बाकी सगळं लाल.

दोन महिन्यांत काळ्या पाण्याचे 31 गोल झाले. त्यातले 26 चौकोनाच्या खालच्या बाजूला. याआधी जी पाहणी झाली होती ती दुपारी बाराला, आणि अहवालात वाक्य होतं, ‘पाहणीवेळी विसर्ग आढळून आला नाही.’ खोटं नव्हतंच ते. दुपारी बाराला नाला कोरडाच असतो. या वेळी अर्जाला कॅलेंडरच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, आणि पोच घेतली. पाहणी झाली पहाटे साडेपाचला. नमुना कायद्यात लिहिल्याप्रमाणे घेतला गेला. कारखाना चालवायला मंडळानं दिलेल्या संमतीपत्रात जी मर्यादा आहे ती ओलांडलेली निघाली, नोटीस गेली, आणि आता आवारात सिमेंटची टाकी आहे. फवारणीच्या औषधाची तपासणी वेगळी आणि महाग, ती अजून व्हायची आहे. रात्रीचा धूर कमी झालाय, थांबलेला नाही. दोघींना हातमोजे मिळाले. बाकीच्या म्हणतात, एक एक हात वाटून घ्या.

‘कोर्टात का जात नाही’ असंही तुम्ही मध्येच विचारलंय. राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांचं कोर्ट, 2010 च्या कायद्यानं आला, आपल्यासाठी त्याचं पीठ पुण्यात. रात्रीची गाडी, दोन दिवसांचा रोज बुडाला. तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं. आता ‘पहिल्यांदा’ कधी घडलं, हे निरंकवाल्या माणसानं कसं सांगायचं? शिवाय पुण्याआधी एक पायरी आहे, ती फारशी कोणाला माहीत नसते. त्याच पाणी कायद्याच्या कलम 49 खाली साधा नागरिकसुद्धा मंडळाला 60 दिवसांची नोटीस देऊन न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो, आणि मग मंडळाकडचे अहवाल मागू शकतो. नोटीस टाइप करून ठेवली आहे. तारीख तेवढी कोरी आहे.

वस्ती नंतरची, हे खरं. सातपुड्याकडून आलेली दहा-बारा घरं तर कारखान्याच्याच कामासाठी आली, मुकादमानं आणून वसवली. नाल्याकाठची जागा स्वस्त का होती, हे वास घेतला की कळतं. पण भाऊ, आधी आलो म्हणून घाण करायचा हक्क मिळतो असं कायद्यात कुठंच नाही. लवादाच्या कायद्यात कलम 20 मध्ये उलट लिहिलंय की प्रदूषण करणाऱ्यानं किंमत मोजायची. सुप्रीम कोर्टानं 1996 साली राजस्थानातल्या बिछडीच्या निकालात तेच सांगितलं. तिथं विहिरींचं पाणी लाल झालं होतं. विहिरीवाले आधी आले की कारखाने, यावर निकाल अडला नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर शब्द तिकडचा आहे, मान्य. 1982 साली नॉर्थ कॅरोलिनात वॉरन काउंटीत विषारी माती पुरायला काळ्या लोकांची वस्ती निवडली, लोक ट्रकसमोर आडवे झाले, 500 च्या वर अटका झाल्या. पण भुसावळला गाडीत बसलं की सहा-सात तासांत भोपाळ येतं. 1984 च्या त्या रात्री गॅस सगळ्यात आधी कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरात शिरला, झोपड्यांत. नंतर वर्षानुवर्षं दिल्लीपर्यंत चालत गेल्या त्याही तिथल्याच बायका. आणि वासाची नोंद ठेवायची ही युक्ती आम्ही उचलली ती तमिळनाडूतल्या कडलूरकडून. तिथल्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीजवळच्या गावकऱ्यांनी 2004 साली बादलीत पिशवी बसवून हवेचे नमुने घेतले होते. आमच्याकडे बादली नाही, कॅलेंडर आहे.

तुम्ही लिहिलंय की एकदा स्वतः येऊन बघाल. या. पण दुपारी बाराला येऊ नका. मुक्कामाला या, माझ्या दुकानाच्या माळ्यावर गादी आहे, पहाटे चालत जाऊ. जूनची पानं परवाच आली आहेत, आणि एकीनं पुन्हा सगळ्या रेघा निळ्यानंच मारल्या आहेत. तिच्याकडे जायचंच आहे मला.